गळती आढळून आली नाही

ज्योतिबा गोरड यांच्या पोटात जी वस्तू होती ती आटपाडी तालुक्यात दुसऱ्या कुणाच्याही पोटात नव्हती, एवढं गावाला मान्य होतं. बाकी कुठल्याच बाबतीत गावाचं त्यांच्याविषयी एकमत नव्हतं. ते गोरडवाडीच्या श्री बिरोबा सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे निवृत्त सेक्रेटरी. गाव त्यांना अजून ‘शेक्रेटरी’च म्हणायचं. काही जण आदरानं म्हणायचे. ज्यांच्या रानापर्यंत संस्थेचं पाणी कधी पोचलंच नाही, ते जरा वेगळ्या आवाजात म्हणायचे.

वस्तू अशी होती. काळजापासून निघून पोटातून खाली पायांकडे रक्त नेणारी जी मोठी शीर असते, ती ज्योतिबांच्या बेंबीच्या वर फुगली होती. सायकलची ट्यूब एका जागी झिजली की तिथं बेडकी येते, तशी. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ज्योतिबांचा मुलगा इंद्रजित मद्रासला गलाईच्या धंद्यात होता. सोनारांच्या दुकानातली राख आणि केर वितळवून त्यातलं सोनं वेगळं काढायचं, हा आपल्या भागातल्या पोरांनी मुलूखभर नेलेला धंदा. इंद्रजितच्या ओळखीच्या सोनाराचा मेहुणा तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात होता. त्या दवाखान्यात एक परदेशी डॉक्टर नवी पद्धत शिकवायला येणार होता आणि त्याला शिकवण्यासाठी एक फुगा पाहिजे होता. ज्योतिबांकडे तो तयार होता.

पोट न फाडता, दोन्ही जांघांत छोटा छेद घेऊन, त्यांनी शिरेच्या आत एक नळी सरकवली. नळी कापडाची, आणि ती ताठ उभी राहावी म्हणून तिला तारेची जाळी. रक्त नळीतून जाणार, फुगा बाहेर रिकामा पडून राहणार आणि सावकाश सुकणार. फाटक्या पाइपात नवा पाइप. ज्योतिबांना हे दुभाष्यानं समजावून सांगायची गरज पडली नाही. संस्थेच्या मुख्य पाइपलाइनीला नेमकं हेच करायचा ठराव त्यांनी स्वतः लिहिला होता. फक्त ते केलं नव्हतं.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. ज्योतिबा परत आले ते ‘जाळी बसवून’ आले. कापड, नळी, शीर वगैरे तपशील गावात पोचेपर्यंत गळून पडले आणि जाळी तेवढी उरली. ती कशाची, यावर पारावर वाद होता. पोरगा गलाईत म्हटल्यावर ती सोन्याची असणार, असा एक पक्ष होता आणि तो बहुमतात होता.

पुढच्या साली दिवाळी झाल्यावर एका दुपारी ज्योतिबा आडवे झाले होते. हात सहज पोटावर होता. हाताखाली ठोका लागला. ऑपरेशनच्या आधी असाच लागायचा, पोटात दुसरं काळीज असल्यासारखा. मद्रासहून आल्यावर तो थांबला होता.

“अगं, पोट उडतंय,” ते म्हणाले.

धोंडुबाई शेंगा निवडत होत्या. “झोपा की गप. वाताचं आसंल.”

“वाताला ठोका नसतो.”

“मग कशाला आसतो?”

“पंप चालू असला की पाइपाला आसतो.”

धोंडुबाईंनी शेंगांतून मान वर केली आणि परत खाली घातली. नवऱ्याच्या पोटाविषयी त्यांचं मत पस्तिशीतच ठरलेलं होतं.

विट्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही, आणि मग अंगठ्यानं चष्मा वर सरकवून म्हणाले, “नळीच्या कडेनं रक्त परत फुग्यात जात असेल. गळती. असेल तर फुगा पुन्हा वाढणार आणि कधीतरी फुटणार. नसेल तर काळजीचं काही नाही. पण आधी बघायला पाहिजे.” नेहमीच्या स्कॅनला शिरेत औषध सोडावं लागतं आणि ज्योतिबांच्या मूत्रपिंडांना ते सोसणारं नव्हतं. म्हणून त्यांनी मिरजेला चुंबकाच्या मशिनमध्ये तपासणी करायची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. फक्त ते त्यांच्या अक्षरात होतं.

‘चुंबक’ हा शब्द गावात पोचला आणि ज्योतिबांचा पुतण्या धुळा कामाला लागला. धुळाची वडापची जीप होती. आटपाडी ते भिवघाट अशी माणसं कोंबून न्यायचा तो, आणि यंत्राच्या बाबतीत गावात त्याचा शब्द चाले. जत्रेच्या लाउडस्पीकरमधलं एक मोठं चुंबक त्यानं कुठून तरी पैदा केलं.

“आबा, सदरा वर करा.”

“कशापायी?”

“आधी हितं बगू. लागलं तर मिरजेला जायाचंच न्हाई. तिथलं चुंबक लय मोठं आसतंय म्हनं, जाळी पोटातनं ओढून काढंल.”

पारावर वीसेक माणसांच्या साक्षीनं धुळानं चुंबक ज्योतिबांच्या पोटावरून फिरवलं. डावीकडं, उजवीकडं, बेंबीवरून दोनदा. चुंबक कुठं चिकटलं नाही.

“पास,” धुळा म्हणाला.

“आरं, मधी एवढं पोट हाय,” ज्योतिबा म्हणाले. “त्यातनं ह्याला काय कळनार?”

“आबा, सोन्याला चुंबक लागत न्हाई,” कोंडीबा नावाचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला. सोन्याचा पक्ष त्या दिवशी बिनविरोध निवडून आला. त्या रात्रीपासून धोंडुबाई दाराला आतून कडी घालायला लागल्या.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाकडं रिक्षावाला आधी पोटाकडं बघतो, मग छातीकडं, आणि मग कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते स्वतःच ठरवतो. तपासणीचं केंद्र एका गल्लीत होतं. त्याच्या शेजारी सतारी करणाऱ्यांचं दुकान होतं आणि तिथं कुणीतरी एकच तार सकाळपासून लावत बसला होता. धुळानं जीप दारातच उभी केली. दोन रिक्षावाल्यांनी ती तिथं उभी करू नये असं सांगितलं. धुळा त्यांना समजावायला थांबला आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशातच राहिली.

आत निमिष नावाचा टेक्निशियन होता. साधारण तिशीचा, सांगलीचा, बोलायला गोड आणि प्रश्न पाठ असलेला.

“काका, अंगावरचं धातूचं सगळं काढा. घड्याळ, अंगठी, चष्मा.”

ज्योतिबांनी काढलं.

“कमरेला करदोडा दिसतोय.”

“चांदीचा हाय.”

“तोही काढा.”

“आवं, करदोडा मेल्यावर काढत्यात,” धोंडुबाई पुढं होऊन म्हणाल्या.

“मावशी, इथं जिवंतपणी काढायला लागतो.”

धोंडुबाईंनी विचार केला. मग पदराच्या टोकाचा एक दोरा दातानं तोडून तो नवऱ्याच्या कमरेला बांधला, आणि कंबर मोकळी नाही याची खात्री झाल्यावरच चांदीचा सोडला. निमिषनं घड्याळाकडं पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

“पोटात, छातीत काही बसवलंय का?”

“जाळी हाय,” ज्योतिबा म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप थोडा चढायचा.

“कधी बसवली?”

“गेल्या साली.”

“टाके कुठं आहेत?”

ज्योतिबांनी धोतर सैल करून दाखवलं. डाव्या जांघेत एक, उजव्या जांघेत एक.

“हां. दोन्ही बाजूंची,” निमिष म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्याकडं आठवड्याला अशी चार माणसं असायची. आपल्याकडं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन झालेला प्रत्येक जण ‘जाळी बसवलीय’ म्हणतो, टाके जांघेतच असतात आणि ती जाळी प्लास्टिकची असते. “चालतं काका. त्याला काही होत नाही. झोपा.”

ज्योतिबांना वाटलं, एवढ्या मोठ्या मशिनवर बसणाऱ्या माणसाला आपली जाळी माहीत असणारच. निमिषला वाटलं, काकांना आपली जाळी कसली ते माहीत असणारच. दोघांचंही शब्दावर एकमत झालं आणि ज्योतिबा आत सरकले.

आत आवाज सुरू झाला. बिरोबाच्या जत्रेत गजी ढोल वाजतो तसा, पण वाजवणाऱ्यानं ताल सोडून दिलेला. ज्योतिबा डोळे मिटून पडले. जाळी कुठं ओढल्यासारखी वाटते का, याकडं त्यांचं लक्ष होतं. वाटत नव्हती. नाकाला खाज मात्र सुटली होती आणि हलायचं नाही असं सांगितलं होतं.

मग ढोल मध्येच थांबला. पलंग बाहेर आला. समोर डॉक्टर सुमंत उभे होते. फोटो वाचणारे तज्ज्ञ, पन्नाशीचे, मूळ वाईचे. घाई झाली तरी ती चेहऱ्यावर येऊ न देण्याचं शिक्षण त्यांचं तिथंच झालं असावं.

“काका, पोटात काय आहे?”

“जाळी.”

“कसली जाळी?”

“सर, हर्नियाची आहे,” निमिष म्हणाला. “दोन्ही बाजूंची. टाके बघितलेत मी.”

“हर्निया बेंबीच्या वर नसतो, निमिष,” डॉक्टर सुमंत म्हणाले. “आणि प्लास्टिकची जाळी असा खड्डा पाडत नाही. पडद्यावर पोटाच्या मधोमध वाटीएवढं काळं आहे. काका, आधी बाहेर येऊन बसा बरं. ओढल्यासारखं, गरम झाल्यासारखं काही वाटलं?”

“न्हाई. नाक खाजत होतं.”

“ते खाजवा.”

ज्योतिबांना बाहेर बाकावर बसवलं. तेवढ्यात धुळा रिक्षावाल्यांशी समेट करून आत आला आणि खिशातली चिठ्ठी निघाली. डॉक्टर सुमंतांनी ती खिडकीपाशी नेली, एकदा सरळ धरून वाचली, एकदा जरा तिरकी धरून वाचली, आणि निमिषच्या हातात दिली. निमिषनं वाचली. त्याच्या कपाळावर घाम आला. एसी चालू होता.

“ह्यापुढं जाळी म्हटलं की काय विचारायचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुठली, सर.”

“आणि?”

“कशाची.”

आता कशाची हे कळायला पाहिजे होतं. समोरच्या एसटीडी बूथवरून धुळानं मद्रासला फोन लावला. बोलायला डॉक्टर सुमंत स्वतः गेले, आणि जाळीबद्दल म्हटल्यावर धुळा आणि धोंडुबाईही काचेच्या खोलीत शिरले आणि रिसिव्हरपाशी कान नेऊन उभे राहिले. पलीकडं इंद्रजित भट्टीपाशी होता. दवाखान्यानं दिलेलं कार्ड त्यानं पाकिटातच ठेवलं होतं. ते तो अक्षरं लावून वाचायला लागला.

“स्टील हाय म्हनं डाक्टरसाहेब. पन चुंबक धरत न्हाई त्यातलं. भांड्याच्या जातीचं.”

“स्टील?” धुळा म्हणाला. तो आवाज सोन्याच्या अख्ख्या पक्षाचा होता.

“भांड्याचं?” धोंडुबाई म्हणाल्या. “एवढं मद्रासला नेऊन?”

डॉक्टर सुमंतांनी कार्डावरचा नंबर उतरवून घेतला आणि मद्रासच्या दवाखान्यातही फोन केला, कारण भट्टीवरच्या माणसाच्या वाचण्यावर कुणाला मशिनमध्ये घालायचं नसतं. तिथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. असल्या स्टीलला चुंबक ओढत नाही, नळी शिरेत धरूनही बसली असेल, तपासणीला हरकत नाही. मग सगळे परत आले आणि डॉक्टरांनी ज्योतिबांना समजावलं.

“धोका नाही. जाळी हलणार नाही. पण अडचण दुसरी आहे. हे स्टील चुंबकाकडं ओढलं जात नाही, तरी आपल्याभोवतीचं चुंबकाचं क्षेत्र वाकडं करतं. त्यामुळं तिथला फोटो येत नाही. काळं येतं.”

“आनि गळती कुठं बगायची?”

“तिथंच,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी प्रयत्न मात्र मनापासून केला. मशिनच्या वेगवेगळ्या पद्धती लावून पाहिल्या, मूत्रपिंडाला चालणारं दुसरं औषध सोडून पाहिलं. ज्योतिबा आणखी तासभर ढोल ऐकत पडले. वाटीएवढं काळं आक्रसून लिंबाएवढं झालं आणि तिथं थांबलं.

संध्याकाळी रिपोर्ट तयार झाला. टाइप करणाऱ्या बाईंनी नेहमीच्या साच्यात नेहमीचं वाक्य घातलं होतं. डॉक्टर सुमंतांनी सही केली आणि पाकीट हातात देताना मराठीत सांगितलं, “बाकी पोट चांगलं आहे. गळती आढळून आली नाही.”

“सुटलो,” धुळा म्हणाला. “आबा, उठा. भिवघाटाला रात व्हायच्या आत पोचू.”

धोंडुबाईंनी हात जोडले, बहुतेक बिरोबाला, पण मधे डॉक्टर असल्यामुळं ते त्यांना पोचले. ज्योतिबा मात्र बाकावरून हलले नाहीत.

“काय म्हनला, डाक्टरसाहेब?”

“गळती आढळून आली नाही.”

ज्योतिबांना हे वाक्य ओळखीचं होतं. म्हणजे असं, की ते जवळजवळ त्यांचंच होतं. संस्थेच्या पाइपलाइनीची दर वर्षी पाहणी व्हायची. पाहणीला साहेब यायचे, त्या दिवशी हटकून वीज नसायची, त्यामुळं पंप बंद असायचा, आणि पंप बंद असताना पाइप गळत नाही, हे शास्त्र आहे. साहेब जीपमधूनच तलावाच्या दिशेनं बघायचे. मग संस्थेत जेवण व्हायचं आणि सेक्रेटरी लिहायचे : ‘समक्ष पाहणी केली असता गळती आढळून आली नाही.’ यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खाली पाटलाच्या मळ्याशेजारी त्याच पाइपातून इतकं पाणी गळायचं, की तिथं कुणी न लावता आळू आला होता आणि अर्धं गाव तो वड्यांना न्यायचं. पण आळूची पाहणी करायला कुणी सांगितलं नव्हतं. सभासदांनाही हे वाक्य पाठ होतं. वार्षिक सभेत सेक्रेटरी ‘गळती’ म्हणाले की मागच्या रांगेतून ‘आढळून आली न्हाई’ असा कोरस उठायचा आणि अहवाल मंजूर व्हायचा.

“डाक्टरसाहेब,” ज्योतिबा म्हणाले, “आढळली न्हाई, का न्हाईच?”

डॉक्टर सुमंतांनी पेनाचं टोपण लावता लावता हात थांबवला.

“म्हणजे?”

“म्हंजी तुमी बगितलं आनि तिथं नव्हती? का तिथं बगायलाच आलं न्हाई, म्हनून आढळली न्हाई?”

“आबा, डाक्टर लिवत्यात त्ये का खोटं हाय?” धुळा म्हणाला.

“खोटं कुटं म्हनलो? खरंच हाय. म्हनून तर इचारतोय.”

डॉक्टर सुमंत खुर्ची ओढून समोर बसले. “काका, तुम्ही काय करायचात?”

“सहकारी संस्थेत शेक्रेटरी हुतो.”

“अस्सं,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात तपासणाऱ्याचा सूर होता तो गेला आणि एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यातल्या माणसाशी बोलतो तसा सूर आला. “मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. नळीची मधली बाजू आणि खालची बाजू मला बऱ्यापैकी दिसली. तिथं गळती नाही. वरचं टोक, जिथं नळी शिरेला चिकटते, ते काळ्यात गेलंय. तिथलं मला काही दिसलं नाही.”

“आनि गळती कुटं व्हत आसती, झाली तर?”

“बहुतेक वेळा वरच्या टोकाशी.”

शेजारच्या दुकानातली तार अजून लागत नव्हती.

“मग लिवा की तसं,” ज्योतिबा म्हणाले. ते भांडत नव्हते. ठरावातली एखादी दुरुस्ती सुचवावी तसं बोलत होते. “मला घरला जाऊन पोटावर हात ठिवून झोपायचं हाय. तुमचा कागद म्हनतोय न्हाई, आनि हात म्हनतोय हाय. दोघातलं कुनाचं धरू?”

डॉक्टर सुमंतांनी पाकीट परत घेतलं, रिपोर्ट काढला आणि टाइप केलेल्या वाक्यावर सरळ रेघ मारली. वर पेनानं इंग्रजीत लिहिलं आणि ते मराठीत वाचून दाखवलं : “जाळीच्या धातूमुळं नळीच्या वरच्या टोकाचा भाग दिसत नाही. तिथं गळती आहे किंवा नाही, हे या तपासणीवरून सांगता येत नाही. दुसरी तपासणी तातडीनं करावी.”

ज्योतिबांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“ब्येस,” ते म्हणाले. “आसं लिवायला आमाला कवा जमलं न्हाई.”

“का?”

“आसं लिवलं की म्होरं काम करावं लागतंय.”

डॉक्टर हसले नाहीत, पण सही करताना त्यांचं अक्षर थोडं हललं. मग त्यांनी साताऱ्याच्या डॉक्टर चारुशीला यांना फोन केला. दोघं एका वर्गातले. चारुशीलाबाई मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात बरीच वर्षं फक्त शिराच बघत होत्या, आणि आता साताऱ्यात सोनोग्राफीचा दवाखाना चालवत होत्या. “तिच्या मशिनला धातूचं वावडं नाही,” डॉक्टर सुमंत म्हणाले. “आवाजाच्या लाटांवर चालतं. तसली मशिनं मिरजेतही आहेत. पण पोटातली एक शीर पाऊण तास बघत बसायला माणूस लागतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. धोंडुबाईंनी भाकरी फडक्यात बांधून घेतल्या, कारण ज्योतिबांना उपाशी यायला सांगितलं होतं आणि उपाशी माणसाला परत येताना भूक लागते. धुळाला सवयीनं प्रत्येक फाट्यावर ब्रेक लागत होता. पुसेगावपर्यंत जीपमध्ये नऊ माणसं झाली होती, आणि आबांच्या शिरेची सगळी हकीकत त्यांतल्या प्रत्येकाला माहीत झाली होती. पुसेगावला चढलेल्या एका बाईनं जाळी कशाची असं विचारलं. धुळा म्हणाला, “स्टीलची,” आणि गिअर बदलला.

डॉक्टर चारुशीला यांचा दवाखाना पोवई नाक्याच्या मागं होता. पंचेचाळीशीच्या बाई, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं कमी. त्यांनी मिरजेचा रिपोर्ट वाचला. पेनानं लिहिलेल्या ओळीवर त्यांची नजर थोडी जास्त थांबली.

“सुमंतनं हे लिहिलं?”

“मीच लिवायला लावलं,” ज्योतिबा म्हणाले.

“चांगलं केलंत. काल नुसतं ‘नाही’ लिहून आलं असतं, तर तुम्ही आज इथं नसता. झोपा. गार लागेल.”

त्यांनी पोटावर चिकट औषध लावलं, हातातलं यंत्र दाबलं आणि पडद्याकडं तोंड करून बसल्या. धोंडुबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर. खोलीत अंधार. पडद्यावर करडं काहीतरी हलत होतं आणि मध्ये तांबडा पट्टा वाहत होता.

“ही नळी. तांबडं ते तिच्यातून जाणारं रक्त. छान जातंय.”

मग त्यांनी यंत्र थोडं वर सरकवलं. कुशीवर व्हायला सांगितलं. श्वास धरायला सांगितला, सोडायला सांगितला, परत धरायला सांगितला. दाबलं तेव्हा ज्योतिबा कण्हले. बाई “हो, हो” म्हणाल्या आणि आणखी दाबलं. बाहेर धुळा कुणाला तरी साताऱ्यात चहा महाग झाल्याचं सांगत होता. त्याचा चहा संपला, दुसरा आला, तोही संपला. बाई अजून वरच्या टोकापाशीच होत्या.

“इथं,” त्या शेवटी म्हणाल्या.

तांबड्या पट्ट्याच्या कडेला, नळीच्या बाहेर, निळी-पिवळी एक बारीक चिळकांडी उडत होती. उडायची, विझायची, उडायची. बाईंनी एक बटण दाबलं आणि खोलीत आवाज आला. नळाला चिंधी बांधावी आणि चिंधीतून पाणी सुटावं, तसा. हुश्श, थांबून, हुश्श.

ज्योतिबा मान उचलून ऐकत होते. “कडंनं चाललंय.”

“हो. वरच्या टोकाला नळी एका बाजूनं नीट बसलेली नाही. तिथून रक्त फुग्यात शिरतंय.”

“फुटंल?”

“फुटू शकतो. मद्रासहून निघताना लिहिलेल्या मापापेक्षा फुगा वाढलाय.” बाईंनी आवाज बंद केला. “पण आता जागा कळली. त्याच वाटेनं जाऊन वरच्या टोकाला आणखी एक आखूड तुकडा आतून बसवतात. तो बसला की हे थांबतं. पोट फाडायचं नाही. मात्र पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. ह्याच आठवड्यात.”

धोंडुबाई स्टुलावरून उठल्या. पडद्यावर आता काही हलत नव्हतं, बाईंनी चित्र थांबवून ठेवलं होतं. चिळकांडीच्या ठिपक्याजवळ जाऊन त्यांनी तो वाकून पाहिला, तांदळात खडा बघतात तसा.

“एवढंच हाय व्हय त्ये?”

“एवढंच आहे.”

“आनि एवढ्यापायी मानूस जातंय?”

“जातं, मावशी.”

धोंडुबाई पलंगापाशी आल्या. मग पदरानंच त्यांनी नवऱ्याच्या पोटावरचं औषध पुसायला घेतलं. बाईंनी कापूस पुढं केला होता, तो त्यांना दिसला नाही. “ह्या बारीला मी येनार मद्रासला,” त्या पुसता पुसता म्हणाल्या.

“तू येऊन काय करनार? तिथलं एक अक्षर कळत न्हाई.”

“मागल्या बारीला तुमाला कळत हुतं व्हय? पोरगं फोनवर ‘झालं, चांगलं झालं’ म्हनलं, आनि मी हिकडं पाव्हन्यांना चा करत बसले. आता मी समोर बसून इचारनार. टोक चिकटलं का? दावा. आसं.”

“कोनच्या भाषेत इचारशील?”

“हात हायत की मला.”

डॉक्टर चारुशीला चिठ्ठी लिहीत होत्या. यावेळी त्यांनी ती मोठ्या अक्षरात, ओळ सोडून लिहिली, चित्राची प्रत जोडली आणि मद्रासच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून दिवस ठरवला. मिरजेहून रेल्वेनं जायचं. जीपनं नको. दम लागेल असं काही करायचं नाही, ओझं उचलायचं नाही, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, आणि पोटात किंवा पाठीत अचानक कळ आली तर कुणाला विचारत न बसता जवळच्या मोठ्या दवाखान्यात शिरायचं. ज्योतिबांनी सगळं ऐकून घेतलं आणि धोतर नीट केलं.

“म्याडम, तुकडा बसवल्यावर गळती थांबली का, त्ये कोन बगनार?”

“तिथं बघतील. आणि परत आलात की मी बघेन.”

“लय वेळ बगावं लागंल.”

“बघू,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही खाऊ शकता.”

बाहेर पायरीवर ऊन आलं होतं. धुळा उठून उभा राहिला आणि दोघांच्या तोंडाकडं बघायला लागला.

“हाय,” ज्योतिबा म्हणाले. “वरच्या टोकाला हाय. शुक्रवारची गाडी धरायची.”

ते पायरीवर बसले. धोंडुबाईंनी फडकं सोडलं. भाकरी गार झाली होती, चटणी तिखट होती, आणि ज्योतिबांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं. दुसऱ्या भाकरीला हात घातला तेव्हा धुळाही शेजारी टेकला. धोंडुबाईंनी न विचारता अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली आणि मद्रासला एवढ्या लांब पीठ न्यावं की भाकरीच करून न्याव्यात, याचा विचार करायला लागल्या.